प्रथमपुरुषी ग्रंथ, द्वितीयपुरुषी उपदेश

दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावात व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. शहागंजात चमनच्या बाजूने घड्याळाच्या टॉवरकडे येऊ लागले की एखाद्या तरी खांबावर फलक लटकलेला दिसतोच. विषय दोनतीनच असतात. 'गीता आणि मनःशांती', 'वेदकालीन मानसशास्त्र', नाहीतर 'ताणतणावावर उपनिषदांचा उतारा'. मला व्याख्याने ऐकण्याचे जुने व्यसन आहे. मी जातो आणि सवयीने मागच्या रांगेत बसतो. वक्ते बहुधा विद्वान असतात, वाणी ओघवती असते, आणि कोठे थांबले असता टाळी पडते हे त्यांना पक्के ठाऊक असते.

अशा प्रत्येक व्याख्यानात एक वाक्य हमखास येते. पाश्चात्त्यांना काल-परवा उमगलेले मानसशास्त्र आमच्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे! टाळ्या. त्या ओसरण्यापूर्वीच दुसरे वाक्य येते. ज्या घरात गीता वाचली जाते त्या घरात मनाचा आजार शिरेलच कसा? अधिक टाळ्या. गेल्या वर्षी एका वक्त्यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. "गोळ्या फेकून द्या आणि रोज एक अध्याय वाचा," असा आदेशच त्यांनी व्यासपीठावरून दिला. सभागृहात तीनएकशे माणसे असतील. त्यांतल्या कितींच्या खिशात, पर्समध्ये, उशाखाली त्या गोळ्या होत्या, याची चौकशी अर्थातच कोणी केली नाही. निदान एकाच्या खिशात होत्या हे मला नक्की ठाऊक आहे. तो माझ्या शेजारी बसला होता.

पहिल्या वाक्याशी माझे भांडण किरकोळ आहे. पूर्वजांचा अभिमान कोणाला नसतो? दुसऱ्या वाक्यावर मी रागावतो, आणि तिसऱ्या वाक्याशी माझे हाडवैर आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

पण आधी एक खुलासा केला पाहिजे. पोथी दिसली की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. असे लोक मला सभेतल्या वक्त्यांइतकेच एकांगी वाटतात. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, संस्कृतही तेवढेच. हे ग्रंथ मी मराठीतून, सावकाश, हातात पेन्सिल घेऊन वाचले आहेत. तेव्हा पंडितांनी मला संस्कृत व्याकरणात पकडावे, माझी हरकत नाही. मराठी व्याकरण मात्र मी गेली वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे, आणि माझा मुद्दा त्या व्याकरणातलाच आहे.

आमच्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरांवर पैठण आहे. तेथे एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहावयास घेतली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. त्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंती देशातल्या एका कृपण ब्राह्मणाची कथा आहे. शेती आणि व्यापार करून त्याने पैसा साठविला. स्वतः खाल्ला नाही, घरच्यांना दिला नाही. मग तो पैसा गेला. काही भाऊबंदांनी नेला, काही चोरांनी, काही राजाने. आप्तांनी त्याला टाकले. तो भिक्षू होऊन हिंडू लागला, तर गावोगावचे टवाळ त्याची काठी ओढीत, कमंडलू पळवीत, त्याच्या अन्नावर घाण करीत, त्याला दोरीने बांधून ठेवीत. अशा अवस्थेत तो म्हणतो की, माझ्या सुखदुःखाला ही माणसे कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, कर्म नाही आणि काळही नाही; माझे मनच त्याला कारण आहे.

हा विचार लहान नाही. अमेरिकेत अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, तिच्या मुळाशी जवळजवळ हेच सूत्र आहे. घटना माणसाला जितकी छळते, त्याहून त्या घटनेविषयी त्याने करून घेतलेला ग्रह त्याला अधिक छळतो. एलिसने यासाठी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे ऋण मानले. पैठणचा पत्ता त्याला कोणी दिला नव्हता. आपल्याकडे ही दोन टोके जोडण्याचे काम ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी केले. १९९० साली त्यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली, आणि पुढे एलिसचा विवेकवाद व आपला वेदान्त यांची सांगड घालून लेखन केले, व्याख्याने दिली. आमचे वक्ते त्यांचे नाव हटकून घेतात. ते आधी डॉक्टर आहेत, हे मात्र सांगावयाचे विसरतात.

आता व्याकरण. तो भिक्षू काय म्हणतो? 'माझे मन' म्हणतो. प्रथम पुरुष, एकवचन. बांधलेल्या अवस्थेत, अपमान सोसत असताना, स्वतःच्या दुःखाविषयी, स्वतःपुरता काढलेला तो निष्कर्ष आहे. शेजारी बांधलेला दुसरा कोणी असता तर त्याला 'बाबा रे, दोष तुझ्या मनाचा' असे तो म्हणाला असता, याला कथेत काडीचाही आधार नाही. एकनाथांच्या अंगावर कोणी पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरून स्नान करून आले, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्याच्यावर दुसरे कोणी थुंकले त्याला नाथांनी 'जा, आंघोळ कर आणि गप्प बस' असे सांगितल्याची आख्यायिका मात्र ऐकिवात नाही.

आणि आपण काय करतो? एका घरात मी माझ्या कानांनी ऐकले आहे. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन सून अंथरुणाला खिळली होती, आणि सासूबाई तिच्या उशाशी बसून, अगदी मायेच्या स्वरात, सांगत होत्या, "अगं, सुखदुःख मानण्यावर असतं. नाथमहाराजांनीच सांगून ठेवलंय." नाथमहाराजांनी असे काही सांगून ठेवलेले नाही. पुरुष बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवितो. 'माझे मन याला कारण आहे' ही साधना आहे. 'तुझे मन याला कारण आहे' हा बहुतेक वेळा आरोप असतो.

समर्थांचेच पाहा. त्यांचे जन्मगाव जांब आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. त्यांचे दोनशे पाच मनाचे श्लोक महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या मुले घोकत आली. त्यांत 'मना' अशी हाक आहे, म्हणजे व्याकरणाने तो द्वितीय पुरुष झाला. पण हाक कोणाच्या मनाला आहे? स्वतःच्या. शिवाय त्या मनाला ते 'सज्जन' म्हणून गोंजारतात, आणि मगच त्याच्याशी बोलू लागतात. आम्ही शाळेत हे श्लोक मुलांना उभे करून, हातावर पट्टी ठेवून म्हणवून घेतले. मनाशी कसे बोलावे याचा धडा आम्ही पट्टीने दिला!

यावर कोणी म्हणेल की, गीता तरी द्वितीयपुरुषी आहे ना? तेथे कृष्ण सांगतो आणि अर्जुन ऐकतो. मीही तसेच समजत होतो. माझी ती समजूत कशी मोडली, ते सांगण्यासारखे नाही. पण सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार उरत नाही.

२०१६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी होता. गणितात तरबेज, स्वभावाने अबोल, पुण्याला अभियांत्रिकी शिकायला गेलेला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा न देताच तो घरी परत आला. रात्र रात्र जागा राही, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण तुटले. एकदा तोंड धुवायला उठला तो अर्धा तास नळापाशी तसाच उभा होता, असे त्याची आई सांगत होती. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. "सर, तुमचंच ऐकंल तो. दोन शब्द सांगा," म्हणाले. मी सांगितले. दोनच नव्हे, चांगला पाऊण तास सांगितले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण अर्जुनाच्या दुबळेपणावर जे कडक बोलतो, तेच मी त्या पोराला खणखणीत आवाजात ऐकविले. ऊठ, हे तुला शोभत नाही, झटकून टाक. मी त्या दिवशी फार सुंदर बोललो होतो. ते मला अजून आठवते आणि तेच बोचते. पोराने वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

दोन महिन्यांनी एका रात्री तो जीव द्यायला निघाला. वडिलांना जाग आली म्हणून वाचला. त्याला घाटीत नेले. तेथल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिले, गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलावून त्याच्याशी ते बोलत राहिले. सुधारायला सहासात महिने लागले. बरा झाल्यावर, पुष्कळ दिवसांनी, तो मला म्हणाला, "सर, तुमचं ऐकून घरी गेलो ना, तवा वाटलं, आता देवाला सुदिक आपली लाज वाटत असंल."

त्यानंतर मी गीता पुन्हा वाचावयास घेतली. या खेपेला आरोपीने दोषारोपपत्र वाचावे तशी. आणि जे इतकी वर्षे डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते ते दिसू लागले.

पहिला अध्याय सत्तेचाळीस श्लोकांचा. त्यात कृष्णाच्या वाट्याला अर्धाच श्लोक आहे. जमलेले कौरव पाहा, एवढेच तो म्हणतो. पुढे बोलतो तो अर्जुन. अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, शरीर कापते, धनुष्य हातातून निसटते, कातडीचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भोवंडते. एकेक लक्षण तो सांगतो. कृष्ण मध्ये तोंड घालीत नाही. ज्यांनी या अध्यायाला नाव दिले, त्यांनी या विषादालाही 'योग' म्हटले. आम्ही त्याला 'नाटक' म्हणतो.

मग दुसऱ्या अध्यायाच्या तोंडी तो प्रसिद्ध धिक्कार येतो. तो अवघ्या दोन श्लोकांचा आहे. त्याचा परिणाम काय होतो? काहीही नाही! अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपले दुःख सांगतो, आणि शेवटी लढणार नाही असे म्हणून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताचा धिक्कार फुकट गेला. मी जो पाऊण तास गाजविला, त्याची ही खरी किंमत ग्रंथातच लिहून ठेवलेली होती. आणि उपदेश सुरू होतो तो केव्हा? मी तुझा शिष्य आहे, मला शिकव, असे अर्जुन आपण होऊन म्हणतो त्यानंतर. माझ्या विद्यार्थ्याने असे म्हटले नव्हते. त्याला वडिलांनी धरून आणले होते.

ज्ञानेश्वरांचा दाखला देऊन कोणी मला अडवील, म्हणून आधीच सांगतो. नेवाशास १२९० साली सांगितलेल्या त्या टीकेत या कठोरपणाला आईच्या रागाची आणि कडू औषधाची उपमा आहे, हे खरे. पण आईच्या रागामागे आई असते. कृष्ण त्या रथावर घोड्यांचे लगाम हातात धरून बसला होता, आणि युद्ध संपेपर्यंत तो तेथेच बसला. ज्याला व्याख्यान आटोपून साडेआठची गाडी पकडावयाची आहे, त्याने आईचा राग तेवढा उसना घेऊ नये. पाऊण तासाने ज्याला जेवायला उठायचे होते त्यानेही नको होता घ्यायला.

पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की, हे मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे मला अशक्य वाटते. यावर कृष्ण त्याला आळशी म्हणत नाही. तो मान्य करतो. निःसंशय, मन आवरण्यास कठीण आहे, असे म्हणतो, आणि मग अभ्यासाचा मार्ग सांगतो. आणि अखेरीस, अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल ते कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवितो. आमच्या घरांतून मुलांना गीता सांगणाऱ्या किती वडिलांनी आजवर हा श्लोक मोठ्याने वाचला असेल?

बरे, एवढे ऐकून अर्जुनाचे मन कायमचे पोलादी झाले काय? तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला तेव्हा हाच अर्जुन शोकाने कोसळला आणि उद्याच्या सूर्यास्तापर्यंत जयद्रथ मेला नाही तर अग्नीत प्रवेश करीन अशी प्रतिज्ञा करून बसला. युद्धानंतर, अश्वमेधपर्वात, तर तो कृष्णाला सरळ सांगतो की, तू रणांगणावर सांगितलेले मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण थोडा रागावतो, पण मलाही ते जसेच्या तसे पुन्हा सांगता यायचे नाही, अशी कबुली देतो. गीता असलेल्या घरात आजार शिरेलच कसा, असे विचारणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे. अर्जुनाने गीता वाचली नव्हती. ऐकली होती, ती सांगणाऱ्याच्या तोंडून.

आणि मला जो सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उतारा तर व्यासपीठावर कधी ऐकूच येत नाही. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराचे मन खचते. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यापासून त्याला राज्य नको, अन्न नको, जगणे नको. महाभारतातले सर्वांत मोठे पर्व जे शांतिपर्व, त्याचा आरंभ या खचलेल्या माणसापासून होतो. भाऊ समजावतात, कृष्ण समजावतो, व्यास समजावतात. तो ऐकत नाही. या समजावण्याच्या ओघात द्रौपदी बोलते. जो असा भलत्या वाटेला लागला असेल, त्याच्यावर वैद्यांकडून धूप, अंजन, नस्य आणि औषधे यांनी उपचार करविले पाहिजेत, असे ती म्हणते. रागाने म्हणते, हे कबूल. तिच्या जागी कोण रागावले नसते? पण रागाच्या भरात तिच्या तोंडी जो उपाय आला तो वैद्याचा होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत पंडितांनी देशभरच्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ज्यांना द्रौपदीचे हे बोलणे माझ्या पदरचे वाटेल त्यांनी ती उघडावी. शांतिपर्वाचा चौदावा अध्याय. धर्मराजाच्या मनासाठीही महाराणीला वैद्य सुचतो, आणि आमच्या पोराला वैद्याकडे नेले तर घराण्याची अब्रू जाते!

चरकसंहिता ही काही धर्मग्रंथ नव्हे, पण व्याख्यानात तिचे नाव निघतेच, म्हणून दोन शब्द. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आणि उपायांचे तीन वर्ग केले. दैवावर विसंबणारे, औषध-आहार योजणारे, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणारे. या तिसऱ्याला त्याने 'सत्त्वावजय' असे नाव दिले. निदानस्थानात तर तो स्पष्ट म्हणतो की, देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे कोणाला उगाच पीडा देत नाहीत. आपल्याच बुद्धीच्या अपराधाने आलेल्या रोगाचे खापर त्यांच्यावर फोडू नये. भगताच्या अंगणात केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईपेक्षा हा विचार कितीतरी पुढचा आहे. पण येथेही तीच मेख आहे. भुताला मोकळे केले, तर अपराध रोग्याच्या बुद्धीवर आला. आणि त्याच चरकाने उन्मादाच्या चिकित्सेत रोग्याला बांधावे, धाक दाखवावा, दात काढलेल्या सापाने घाबरवावे, असेही लिहिले आहे. तेव्हा 'ग्रंथात आहे ते सगळे करा' म्हणणाऱ्याने सापाची सोयही करून ठेवावी.

बांधण्यावरून आठवले. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात एक सूक्त आहे. एक माणूस बांधलेला आहे आणि बडबडतो आहे; ऋषी अग्नीला विनवतो की, याला मोकळे कर, मी याच्यासाठी औषध करतो म्हणजे याचा उन्माद जाईल. इतक्या जुन्या काळीही वेड्याला बांधीत असत, हे यातून दिसते. पण ऋषीची प्रार्थना दोर घट्ट करण्यासाठी नाही, तो सुटावा यासाठी आहे, हेही दिसते. आणि २००१ सालच्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याला आणलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून मेले, कारण ते साखळदंडांनी बांधलेले होते. पोथी कोणत्या धर्माची हा प्रश्न तेथे उरत नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. ऋषीची विनंती कायद्याच्या पुस्तकात यायला एवढा काळ लागला.

मग जुन्यातून घ्यावयाचे ते कसे घ्यावे? त्याचेही उदाहरण आपल्याच देशात आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य वेडावर वापरीत आले. कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिचे वेडावरचे आणि रक्तदाबावरचे गुण लिहून प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले, आणि दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते दिले जाऊ लागले. पुढे काही रोग्यांना त्यानेच औदासीन्य येते असे दिसले, त्याहून बरी औषधे निघाली, आणि ते मागे पडले. मुळीचा गुण कळला तो तपासल्याने, आणि अवगुण कळला तोही तपासल्यानेच. ती आमच्या पूर्वजांना ठाऊक होती याचा अभिमान मलाही आहे. पण टाळ्या वाजवून तिच्यातून एक थेंबही निघाला नसता.

मला याचा एवढा संताप का येतो, ते आमच्या मुलखात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. त्यांत मराठवाड्याचे एकही नाही. देशभरात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली (आपले राज्य त्यांत नव्हते), तेव्हा प्रौढांत शंभरात सुमारे दहा जणांना मनाचा कोणता ना कोणता आजार आढळला, आणि आजारागणिक शंभरातले सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारावाचून होते. अशा ठिकाणी एखादा बाप धाडस करून, उधारउसनवार करून, लेकराला डॉक्टरकडे नेतो, आणि व्यासपीठावरचा विद्वान त्याला गोळ्या फेकून द्यायला सांगतो. डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या तर गेलेला आजार परत उलटू शकतो, हे त्या विद्वानाला माहीत नसेल तर त्याने बोलू नये. माहीत असून बोलत असेल, तर त्याला काय म्हणावे ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

एक सोय अलीकडे झाली आहे, ती येथे लिहून ठेवतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारने 'टेलिमानस' नावाची सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की पैसे न देता, मराठीतूनही, बोलता येते. देव्हाऱ्याशेजारी कालनिर्णय टांगलेले असते, त्यावर हा क्रमांक लिहून ठेवण्यास कोणत्याही पोथीची आडकाठी नाही.

या दिवसांत घरोघर पाहुण्यांची ये-जा असते. दारात आकाशकंदील, ओट्यावर रांगोळी, आणि काही घरांत मागच्या खोलीचे दार अलगद ओढून घेतलेले. "धाकटा दिसत नाही कुठे?" असे कोणी विचारले तर "गावाला गेलाय" असे उत्तर येते, आणि बोलणारीचे डोळे क्षणभर त्या दाराकडे जातात. मी असली दारे पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतले एक बंद होण्यास माझाही हात लागला होता.

तो माझा विद्यार्थी आता येथेच वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. गेल्या वर्षी व्याख्यानात माझ्या शेजारी बसलेला तरुण तोच. 'गोळ्या फेकून द्या' हे वाक्य आले तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले. तो समोर पाहत होता. फक्त त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला, पैसे आहेत की नाहीत हे चाचपावे तसा. बाहेर पडल्यावर टॉवरखाली आम्ही चहा घेतला. व्याख्यानाविषयी तो काहीच बोलला नाही. "सर, तुमची ती गीता द्या ना वाचायला," एवढे म्हणाला.

महिन्याभराने, पाडव्याच्या संध्याकाळी, तो ती परत करायला आला. मी पाने चाळली. माझ्या पेन्सिलीच्या खुणा सगळ्या कृष्णाच्या श्लोकांपाशी होत्या. त्याने एकच नवी खूण केली होती, सहाव्या अध्यायात, अर्जुनाच्या तक्रारीपाशी.

"हे तुम्ही त्या दिवशी वाचून नव्हतं दाखवलं," तो म्हणाला.

"नव्हतं," मी म्हणालो.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती फराळाची ताटली घेऊन आल्या. त्याने घड्याळ पाहिले, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्याकडे पाणी मागितले.

"आधी करंजी खा," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी नको घेऊस."